आग्यासुळक्यावरचं पान

"गच्चीवरून पडले," मी सांगितलं.

काउंटरमागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "किती फुटांवरून?"

"पंधरा-सोळा असतील. पाण्याची टाकी साफ करत होते. पाय सटकला."

बाईंनी 'घरी पडून इजा' असं लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. माहिती देणाऱ्याचं नाव, रुग्णाशी नातं, सही. मी लिहिलं, उत्तम बोरस्ते, मित्र, आणि झोकात सही ठोकली. दिवसातून दहा फॉर्म भरायचा माझा धंदाच होता, त्यामुळे हात जराही अडखळला नाही.

माझ्या मागे तीन फुटांवर स्ट्रेचरवर पुंजा पडला होता. पुंजाराम थेटे. त्याच्या डाव्या पायाला दोन काठ्या आणि माझा शर्ट बांधलेला होता आणि शर्टाचा मूळचा रंग आता ओळखू येत नव्हता. शुद्धीवर होता. सगळं ऐकत होता.

"उत्त्या," तो दातावर दात धरून म्हणाला, "माझ्या घराला गच्चीच नाही रे. पत्रे आहेत."

"हळू बोल. माझ्या घराची गच्ची."

"म्हणजे मी तुझी टाकी धुवायला आलो होतो?"

"मित्र आहेस ना."

"अरे भो, पडलो तर पडलो, वरून इज्जतही घालवतोस का?" तो हसायला गेला आणि हसता हसताच कळवळला.

मी खाली वाकून त्याच्या कानाशी बोललो. "दोराचं नाव काढायचं नाही. सुळक्याचं नाव काढायचं नाही. विम्यात साहसी खेळ वगळलेत. खरं सांगितलंस तर एक दमडी मिळणार नाही. कळलं?"

त्याने डोळे मिटले. "तुला कळतंय ना? मग झालं," तो म्हणाला. दोर बांधताना तो मला हेच म्हणायचा.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पुंजा अंबडला एका कारखान्यात लेथवर होता आणि मी विम्याचा एजंट. दोघं एकाच गिर्यारोहण क्लबात होतो. रविवार उजाडला की लोक मटण आणायला जातात, आम्ही पाठीवर दोर टाकून नाशिकच्या आसपासचे सुळके शोधत हिंडायचो. चढायचा पुंजाच. त्याच्या हाताची बोटं लोखंडाशी खेळून अशी झाली होती की जिथे मला सपाट कातळ दिसायचा तिथे त्याला धरायला जागा सापडायची. मी खाली उभा राहून दोर धरायचो. तो पडला तर दोर माझ्या हातात, एवढंच माझं काम. नऊ वर्षांत तो सात वेळा पडला आणि सातही वेळा मी त्याला धरला, हे मी चारचौघांत बरंच मिरवत असे.

आरोग्यविमा त्याला मीच विकला होता. त्याला नको होता. "मी आजारी पडतो का कधी?" म्हणाला होता. मी त्याच्या बायकोला, शालनवहिनींना, गाठलं, दोन पोरींकडे बोट दाखवलं आणि पुंजाकडून सही घेतली. बत्तीस पानांचं इंग्रजी पुस्तक होतं ते. मी कधी शेवटपर्यंत वाचलं नाही. प्रशिक्षणात आमच्या सरांनी सांगितलं होतं, दारू, आत्महत्या आणि साहसी खेळ, यांतलं काही निघालं की क्लेमचं नाव विसरा. मी तेच पाठ केलं होतं आणि तेच लोकांना ऐकवत होतो.

त्या दिवशी झालं होतं असं. कळमदरा नावाच्या वाडीच्या वर आग्यासुळका आहे. आग्या मोहोळं लटकतात म्हणून आग्या. दक्षिणेकडून त्याच्यावर जुनी वाट आहे, आमच्या आधीच्या लोकांनी केलेली. उत्तरेचा कडा मात्र कोणी चढलं नव्हतं. आम्ही दोघंच गेलो, क्लबात कोणाला न सांगता, कारण पुण्याच्या काही पोरांचाही त्यावर डोळा होता. सकाळी सहाला सुरुवात केली आणि दुपारी साडेबाराला वर पोचलो. पुंजाने सुळक्याच्या माथ्यावर अक्षरशः लोळण घेतली.

प्रत्येक सुळक्याच्या माथ्यावर एक पत्र्याचा डबा असतो. त्यात वही आणि पेन्सिल. जो वर पोचेल त्याने तारीख, वाट आणि नावं लिहायची. नवी वाट असेल तर पहिल्या चढणाऱ्याने तिला नाव द्यायचं. तिथे लिहिलं म्हणजे झालं, मग कोणी वाद घालत नाही. वही भरली की ती खाली आणून क्लबाच्या कपाटात ठेवतात. पाऊस पान खाईल, माकड डबा फेकेल, पण माणसाने त्यातलं पान फाडायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

पुंजाने वही मांडीवर घेतली. तारीख लिहिली. 'उत्तर कडा, पहिली चढाई. पुंजाराम थेटे, उत्तम बोरस्ते.' मग पेन्सिल थांबली.

"वाटेचं नाव?" मी विचारलं.

त्याने वहीवर हात आडवा धरून काहीतरी लिहिलं आणि लाजत लाजत मला दाखवलं. 'शालन.'

"वहिनींना सांगितलंस तर त्या तुला घरात घेणार नाहीत," मी म्हणालो. वहिनींचा या प्रकरणाला कायम विरोध.

"सांगायचं नाहीच. क्लबाच्या अंकात छापून आलं की अंक तिच्या पुढ्यात टाकायचा. वाच म्हणायचं, तुझ्या नावाचा कडा आहे."

दक्षिणेच्या वाटेने उतरताना शेवटच्या टप्प्याला दोर कातळात ठोकलेल्या एका जुन्या मेखेला लावला आणि शेजारी आमची राखीव मेख ठोकली. पहिला माणूस दोन्ही मेखांच्या भरवशावर उतरतो. शेवटचा उतरणारा राखीव मेख काढून घेतो आणि एकाच मेखेवर येतो. ही रीतच आहे, मेखा डोंगरावर सोडून येणं आम्हाला परवडायचं नाही. मी आधी उतरलो. पुंजाने राखीव मेख काढली, कमरेला अडकवली आणि निघाला. जमीन तीस फुटांवर राहिली असताना जुनी मेख निघून आली. त्या वेळी दोर माझ्या हातात नव्हता. असता तरी उपयोग नव्हता, पण हे मी किती वेळा स्वतःला सांगितलंय ते मलाच माहीत.

खाली शेळ्या चारणारा भागूबाबा धावत आला. त्याने आणि मी मिळून पुंजाला वाडीपर्यंत आणलं आणि जीपमध्ये घातलं. जीपमध्येच मी त्याच्या कमरेचा हार्नेस सोडवला, दोर सीटखाली कोंबला आणि गच्चीची गोष्ट तयार केली. दीड तासाचा रस्ता होता. गोष्ट चांगली रंगवायला भरपूर वेळ मिळाला.

डॉक्टरांनी वहिनींना आणि मला आत बोलावलं. "टाच फुटलीय आणि घोट्याचा सांधा उखडलाय. आता बाहेरून सळ्या लावून पाय नुसता धरून ठेवलाय. सूज उतरली की दुसरं ऑपरेशन, प्लेट बसवायची. तीन आठवड्यांच्या आत व्हायला हवं. त्यानंतर हाड आहे तसंच वेडंवाकडं जुळायला लागेल, मग मी काही करू शकणार नाही."

"चालता येईल?" वहिनींनी विचारलं.

"वेळेत झालं तर चालतील. धावतीलही."

बाहेर आल्यावर वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमच्या त्या विम्यातून होईल ना सगळं?"

"होईल म्हणजे काय! त्यासाठीच तर घेतलाय," मी म्हणालो.

कंपनीने चौकशीला माणूस नेमला. हे मला आतून आधीच कळलं, ओळखी होत्या. मी लगेच कळमदऱ्याला गेलो.

"बाबा, कोणी विचारायला आलं तर इथं कोण पडलंच नाही असं सांगायचं."

भागूबाबा म्हणाला, "म्या सोता उचालला की त्येला."

"उचललंत, उपकार झाले. पण सांगितलंत तर त्याचा पाय जाईल."

"पाय? मंग न्हाई सांगत बा," तो म्हणाला. बिचारा खरंच पायासाठी खोटं बोलला. चौकशीवाला आला तेव्हा त्याने सांगितलं की महिनाभरात सुळक्याकडे कोणी फिरकलंच नाही, आणि त्यावर अंगठाही दिला.

मग मला डब्यातली वही आठवली. चौकशीवाला काही सुळका चढणार नव्हता. पण पुण्याची पोरं येत्या रविवारी जाणार होती आणि आमच्यात वर गेलं की वहीच्या पानाचा फोटो काढून फेसबुकवर टाकायची चाल पडली होती. तारखेसकट पुंजाचं नाव जगाने वाचलं असतं. मी दवाखान्यात जाऊन पुंजाला विचारलं.

त्याने पंख्याकडे बघत विचारलं, "तू फाडणार?"

"दुसरा इलाज नाही."

"उत्त्या, ती वाट माझी आहे रे."

"पाय बरा झाल्यावर परत चढ. परत लिही."

"पहिली चढाई परत कशी होईल?" तो म्हणाला. मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "जा. तुला कळतंय ना."

मी एकटाच दक्षिणेच्या वाटेने चढलो. मी कधी एकटा चढलो नव्हतो, आणि त्या दिवसानंतर कधी चढलो नाही. माथ्यावर वारा होता. डबा उघडला, पान फाडलं, डब्याचं झाकण लावलं. खाली आल्यावर पुंजाला फोन केला आणि जाळलं म्हणून सांगितलं.

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दहाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. क्लेम नामंजूर. कारण, खोटी माहिती. वहिनी पत्र हातात घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या, रडल्या नाहीत. "खोटी कुठली माहिती?" एवढंच त्यांनी विचारलं; त्यांनाही आम्ही गच्चीचीच गोष्ट सांगितली होती. मी म्हणालो, गैरसमज झालाय, पुण्याला तक्रार अधिकारी बसतात, मी स्वतः घेऊन जातो पुंजाला. सगळी पुण्याई खर्च करून मी सतराव्या दिवसाची तारीख मिळवली. हातात चार दिवस उरत होते.

पुंजाला सळ्या लावलेल्या पायासकट जीपच्या मागच्या सीटवर आडवा घालून आम्ही पुण्याला गेलो. वहिनी बाहेर बाकावर बसल्या. आत टेबलापलीकडे कर्णिक मॅडम, पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी आधी पुंजासाठी दुसरी खुर्ची मागवली आणि पाय तिच्यावर ठेवायला लावला. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला पुढे बरं पडलं असतं.

"बोरस्ते, तुमच्या गच्चीवर गवत उगवतं का?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"जखमेतून मुरूम आणि गवताच्या काड्या निघाल्यात, असं डॉक्टरांच्या टिपणात आहे. दोन्ही तळहातांवर दोर घासल्याच्या खुणा आहेत. टाकी धुवायला दोर कशाला लागतो?"

मी तोंड उघडणार एवढ्यात पुंजा बोलला. "मॅडम, मी खरं सांगू का?"

मी टेबलाखालून त्याच्या चांगल्या पायावर पाय दाबला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुळका, उत्तरेचा कडा, मेख, सगळं सांगून टाकलं. त्या रंगात त्याचे हात हवेतल्या कातळाला धरायला लागले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही लोकांना पैसे घेऊन नेता का असे सुळक्यांवर?" त्यांनी विचारलं.

"पैसे? आम्हालाच खिशातून घालावे लागतात. रविवारचं वेड आहे, बाकी काही नाही."

मॅडमनी चष्मा लावला, ते बत्तीस पानी पुस्तक उघडलं आणि पान काढून माझ्यापुढे फिरवलं. "वाचा."

माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं हलायला लागली. मग त्यांनीच मराठीत सांगितलं. "साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे झालेली इजा वगळलीय. व्यावसायिक म्हणून. जो पोटासाठी करतो त्याला. हौसेने करणाऱ्याला हे कलम लागूच नाही. थेटे, पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतंत तर संध्याकाळपर्यंत मंजुरी आली असती." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही एजंट ना यांचे? वाचलं नव्हतं?"

"साधारण कल्पना होती," मी म्हणालो. हे शब्द आजही आठवले की माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

पुंजाचा चेहरा मात्र उजळला होता. "मग आता सांगितलं ना मी खरं."

"आता सांगितलंत. त्याआधी दवाखान्यात, फॉर्मवर आणि चौकशीत एक गोष्ट सांगितलीत. आज दुसरी सांगताय. नुसत्या बोलण्यावर मी ही कशी धरू? त्या दिवशी तुम्ही सुळक्यावर होतात याला काही आहे? साक्षीदार?"

"शेळ्यांवाला बाबा आहे."

मॅडमनी फाइल चाळली. "त्याने लिहून दिलंय की कोणी आलंच नव्हतं."

पुंजा हळूच म्हणाला, "वर डब्यात वही असते. तारीख घालून मी सही केली होती त्यात."

"मग झालं की! कुठाय ती वही?"

"ते पान फाडलं."

"कोणी?"

"मी."

मॅडमनी चष्म्यावरून त्याच्या सळ्या लावलेल्या पायाकडे बघितलं. "तुम्ही? या पायाने?"

"मी फाडायला सांगितलं. क्लबातल्या एकाला."

"नाव?"

"नाव नाही सांगणार."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "थेटे, ज्याने हे केलं त्याने फसवणुकीला हात लावलाय. एजंट असला तर एजन्सी जाईल. केसही होऊ शकते. अशा माणसाला वाचवून तुमचा पाय बरा होणार आहे का?"

"ते पान असतं तर?" पुंजाने विचारलं.

"तर मी आत्ता, इथून फाइल परत वर पाठवली असती. आधी खोटं का बोललात त्याचं काय ते मी निस्तरलं असतं. जखमा तुमच्या बाजूने बोलतायत, माणूस खरं बोलतोय हे मला दिसतंय. पण हातात धरायला काहीतरी कागद लागतो हो मला."

तेव्हा पुंजाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. कड्यावर अवघड जागी हात टाकण्याआधी तो खाली असंच बघायचा. दोर धरलाय ना, एवढंच त्या बघण्यात असायचं. मी मान हलवली की तो हात टाकायचा.

टेबलावर पाण्याचा ग्लास होता. मी तो उचलला आणि पाणी प्यायलो. सगळं, तळापर्यंत.

"मग काही करता येणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली.

पान मी जाळलं नव्हतं. माथ्यावर काडी ओढली होती, तीन वेळा ओढली होती, आणि तिन्ही वेळा विझवली होती. ते चौपदरी घडी करून माझ्या पाकिटात होतं. पाकीट पँटच्या मागच्या खिशात होतं. मॅडम कागद मागत होत्या तेव्हा मी त्या कागदावर बसलो होतो.

का नाही काढलं? चौदा वर्षं मी याची वेगवेगळी उत्तरं देऊन बघितलीत. तीनशे गिऱ्हाईकं होती, नवीन फ्लॅट घेतला होता, बायकोला दिवस गेले होते. सगळी खरी आहेत आणि त्यातलं एकही उत्तर नाही. भीती वाटली. त्या खोलीत मी मित्र म्हणून गेलो होतो आणि एजंट म्हणून बसून राहिलो.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये नारायणगावच्या पुढे मागून पुंजाचा आवाज आला. "उत्तमराव, जरा पाण्याची बाटली द्या."

मी चमकून मागे बघितलं. वहिनींनीही बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्या दिवसापासून आजपर्यंत त्याने मला उत्त्या म्हणून हाक मारलेली नाही. शरमेने किंवा रागाने असेल, क्लेम गेल्याच्या दुःखाने असेल, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

दुसरं ऑपरेशन वेळेत झालं नाही. मी थोडी मदत केली, क्लबाने वर्गणी काढली, ती औषधांतच गेली. आठ महिन्यांनी सरकारी दवाखान्यात झालं तेव्हा हाड जुळून गेलं होतं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं तसंच वेडंवाकडं. पुंजा काठी घेऊन चालायला लागला. लेथवर आठ तास उभं राहता येईना म्हणून कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये बसवला. पुण्याची पोरं उत्तरेच्या कड्याने चढली, डब्यातली वही त्यांनी बघितली, उत्तरेची नोंद नाही म्हणून पहिली चढाई स्वतःच्या नावावर लिहिली. त्यांचं काही चुकलं नाही. वाटेचं नाव त्यांनी ठेवलं 'डंख'. आम्ही ते वाचलं आणि कोणीच काही म्हणालं नाही, कारण क्लबालाही आम्ही गच्चीचीच गोष्ट सांगितली होती.

माझी एजन्सी वाढली. पुढे मी क्लबाचा अध्यक्षही झालो. मी आता फॉर्म भरताना गिऱ्हाईकाला कलम शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवतो. लोक म्हणतात, बोरस्तेंसारखा प्रामाणिक माणूस या धंद्यात बघायला मिळत नाही.

यंदा क्लबाला पंचवीस वर्षं झाली. मोठा अंक काढला, त्यात नाशिकच्या सगळ्या सुळक्यांच्या वाटा, तारखा आणि पहिल्या चढणाऱ्यांची नावं. जुन्या सभासदांना मी स्वतः अंक नेऊन दिला. पुंजाकडे गेलो तेव्हा तो ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. काठी भिंतीला टेकवलेली. घराला अजून पत्रेच होते.

"या उत्तमराव. बसा."

त्याने अंक घेतला आणि पानं उलटत थेट आग्यासुळक्यावर आला. बोटाने ओळ धरून वाचलं. 'उत्तर कडा. डंख.' खाली तीन नावं, आमच्या नंतरची तारीख. त्याने अंक मिटून मांडीवर ठेवला.

"पान आहे का अजून?" त्याने विचारलं.

"कुठलं पान?"

तो म्हणाला, "एकदा तरी सरळ बोला राव."

माझा हात खिशाकडे गेला. चौदा वर्षांत चार पाकिटं बदलली, पान प्रत्येक वेळी नव्या पाकिटात गेलं. घड्यांवर फाटायला आलं होतं. मी ते उघडून त्याच्यापुढे धरलं. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"कळायचं काय त्यात? माथ्यावरचं पान कोणी जाळतं का? तुम्ही जाळलं म्हणालात तेव्हाच मला माहीत होतं की जाळलेलं नाही. तुमच्याच्याने ते होणार नव्हतं."

"म्हणजे त्या दिवशी, मॅडमपुढे..."

"पाकिटात असणार हे पण माहीत होतं. जीपमध्ये चढताना सारखा खिसा चाचपत होतात."

मी म्हणालो, "मग बोलला का नाहीस? नुसतं म्हणायचंस, उत्त्या काढ. मी काढलं असतं, पुंजा. शपथेवर सांगतो, काढलं असतं."

"तेच तर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि असता तर मला झेपला असता. "नऊ वर्षं मी कड्यावरून कधी ओरडून सांगितलं का, दोर धर म्हणून? वर चढणाऱ्याने ते सांगायचं नसतं. मी बघितलं तुमच्याकडे. तुम्ही पाणी पीत होतात. मी म्हटलं, पिऊन होऊ दे. थांबलो."

आतून भांड्यांचा आवाज थांबला आणि शालनवहिनी चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. केस पांढरे झाले होते. माझ्या हातातल्या कागदाकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांच्या नावाचं ते अक्षर माझ्या अंगठ्याखाली होतं. अंगठा बाजूला घेतला असता तर त्यांना वाचता आलं असतं.

"कसला कागद हो?" त्यांनी विचारलं.

मी पुंजाकडे बघितलं. पुंजाने कप घेतला, बशीत चहा ओतला आणि त्यावर फुंकर घातली.

"काही नाही गं," तो म्हणाला. "विम्याचा कागद आहे. उत्तमरावांचा आहे."